हेलिकी : एका रात्रींत बुडालेलें नगर

ग्रीस देशाच्या नकाशावर दक्षिणेकडील पेलोपोनीस हा द्वीपकल्प आणि उत्तरेकडील मुख्य भूमि यांच्यामध्यें समुद्राची एक लांबट जीभ आंत शिरलेली दिसते. हेंच कोरिंथचें आखात. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, जेथें उंच डोंगर अगदीं पाण्याच्या जवळ येऊन उभे राहतात आणि त्यांच्या पायथ्याशीं नद्यांनीं आणलेल्या गाळाची एक चिंचोळी सपाट पट्टी पसरली आहे, तेथें प्राचीन काळीं हेलिकी नांवाचें नगर होतें. इ. स. पू. ३७३ सालच्या हिवाळ्यांत एका रात्रीं तें नाहींसें झालें. नगरें जिंकलीं जातात, लुटलीं जातात, हळूहळू ओस पडतात. त्यांत इतिहासाला कांहीं नवल वाटत नाहीं. परंतु सायंकाळीं जेथें दिवे लागले होते, तेथें सकाळीं शेजाऱ्यांना पाण्याखेरीज कांहीं दिसूं नये, हा प्रकार इतिहासालाही विरळाच.

हेलिकी हें कांहीं कोपऱ्यांतलें खेडें नव्हतें. होमरच्या 'इलियड' काव्यांत ट्रॉयवर चालून गेलेल्या सैन्याची जी यादी आहे, तींत हेलिकीचें नांव आहे. त्या प्रांतास अकाया म्हणत. तेथील बारा नगरांचा एक संघ होता आणि त्या संघांत हेलिकीचा मान मोठा होता. या मानाचें मूळ तेथील देवस्थानांत होतें. समुद्राचा अधिपति आणि भूमीस हादरे देणारा म्हणून ग्रीक लोक ज्याला भीत, त्या पोसायडन देवाचें एक अत्यंत पूज्य स्थान हेलिकी येथें होतें. अकायन लोक येण्यापूर्वीं त्या भागांत आयोनियन लोक राहत होते, अशी परंपरा आहे. ते पुढें समुद्र ओलांडून आशियामायनरच्या किनाऱ्यावर जाऊन वसले. पण जातांना त्यांनीं आपला देव सोडला नाहीं. मिकाली पर्वतापाशीं त्यांच्या बारा नगरांचें जें सामायिक देवस्थान होतें, तेथें ते याच देवाची 'हेलिकोनियस' या नांवानें पूजा करीत. कुलदैवत मूळ गांवीं आणि कुटुंब दूरदेशीं, हा अनुभव ज्या समाजाला आहे त्याला आयोनियन लोकांची ही ओढ समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

इ. स. पू. ७२० च्या सुमारास दक्षिण इटलींत सिबारिस नांवाचें नगर वसविण्यांत आलें, त्याचा संस्थापकही हेलिकीचा होता असें भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. हें सिबारिस पुढें इतकें संपन्न झालें कीं, त्याच्या सुखासीनतेच्या गोष्टी ग्रीक जगांत म्हणींसारख्या रूढ झाल्या. इ. स. पू. ५१० मध्यें शेजारच्या क्रोटन नगरानें त्याचा पाडाव केला आणि क्राथिस नदीचा प्रवाह त्यावरून वळवून तें गाळाखालीं घातलें. लेक माणसांच्या द्वेषानें गाळांत गेली. पुढें सुमारें एकशें सदतीस वर्षांनीं आईही गाळांत गेली, पण तिचा वैरी कोणी मनुष्य नव्हता.

त्या रात्रीचा वृत्तांत प्रत्यक्ष पाहणाऱ्या एकाही हेलिकीकराच्या तोंडून आलेला नाहीं. जे पाहूं शकले असते ते उरलेच नाहींत. जें कळतें तें शेजाऱ्यांकडून आणि मागाहून लिहिणाऱ्यांकडून. हेराक्लायडीस नांवाचा एक तत्त्वज्ञ या घटनेचा समकालीन होता. त्याचें म्हणणें स्ट्रेबोनें उतरून ठेवलें आहे. अनर्थ रात्रींच्या वेळीं झाला. नगर समुद्रापासून बारा स्टेडिया, म्हणजे दोन किलोमीटरांहून थोडें अधिक, आंत होतें. तरीही नगर आणि हें मधलें अंतर दोन्हीं पाण्याखालीं गेलीं. अकायन लोकांनीं प्रेतें काढण्यासाठीं दोन हजार माणसें पाठविलीं. त्यांना तीं काढतां आलीं नाहींत. हेलिकीची जमीन मग शेजाऱ्यांनीं आपसांत वांटून घेतली. डोंगरांत वसलेलें बूरा हें दुसरें नगरही त्याच रात्रीं नष्ट झालें. त्याच्या वाट्यास समुद्र आला नाहीं. तें भूकंपानें गडप केलें. मात्र बूराचे जे लोक त्या वेळीं बाहेरगांवीं होते, त्यांनीं परत येऊन आपलें नगर पुन्हां बांधलें. हेलिकीला तेंही भाग्य लाभलें नाहीं.

यानंतर पांचशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर लिहिणारा ईलियन आणखी दोन गोष्टी सांगतो. एक अशी कीं, नगराच्या बंदरांत त्या रात्रीं स्पार्टाचीं दहा जहाजें नांगरलेलीं होतीं, तींही नगराबरोबर बुडालीं. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. अनर्थापूर्वीं पांच दिवस हेलिकींतील उंदीर, साप, गोमी, भुंगेरे असे सारे बिळांत राहणारे जीव बाहेर पडले आणि केरिनिया गांवाकडे जाणाऱ्या रस्त्यानें एकत्र चालते झाले. नगरवासी चकित होऊन पाहत राहिले. त्यांना कांहीं अर्थ लागला नाहीं. ही कथा खरी किती आणि मागाहून रचलेली किती, हें ठरविण्यास साधन नाहीं. पण भूकंपाची पूर्वसूचना प्राण्यांना मिळते कीं काय या प्रश्नाची चर्चा निघाली कीं, आजही शास्त्रज्ञ प्रथम हेलिकीच्या उंदरांचा उल्लेख करतात.

नगर बुडालें हें एक दुःख. परंतु बुडालेल्यांच्या मागें जें बोललें गेलें, तेंही विचार करण्यासारखें आहे. एवढ्या मोठ्या संहाराला कांहीं कारण पाहिजे आणि तें कारण मृतांच्या वर्तनांत सांपडलें पाहिजे, असें त्या काळच्या भाविकांना वाटलें. आशियांतील आयोनियन लोकांनीं हेलिकीकडे दूत पाठविले होते. पोसायडनची मूर्ति द्या, मूर्ति देववत नसेल तर निदान देवस्थानाची प्रतिकृति करूं द्या, एवढीच त्यांची विनंति होती. हेलिकीकरांनीं ती नाकारली. दूत अकायन संघाकडे गेले. संघानें मान्यता दिली. तरीही हेलिकीकर बधले नाहींत. पुढच्याच हिवाळ्यांत नगर बुडालें. डायोडोरस हा इतिहासकार याहून कठोर गोष्ट सांगतो : हेलिकीकरांनीं दूतांचें पूजासाहित्य उधळून दिलें आणि दूतांनाच धरलें. प्रवासी पॉसेनियस तर तिसरेंच कारण देतो. देवळांत आश्रयासाठीं आलेल्या शरणागतांना बाहेर ओढून ठार मारलें, म्हणून देव कोपला, असें तो म्हणतो.

अपराध कोणता याबद्दल एकमत नाहीं; अपराध असलाच पाहिजे याबद्दल मात्र सर्वांचें एकमत आहे, ही यांतली लक्षांत घेण्याजोगी गोष्ट होय. हेलिकीच्या बाजूनें बोलण्यास कोणीही जिवंत राहिलेला नव्हता. जे बोलत होते त्यांच्यापैकीं कांहींजण हेलिकीच्या शेतांत नांगर धरून उभे होते. शेजारी देवाच्या कोपानें गेला असें एकदां ठरलें कीं, त्याची जमीन कसतांना मनाला टोचणी लागत नाहीं.

तथापि सर्वच ग्रीकांनीं या समजुतीवर समाधान मानलें नाहीं. डायोडोरस स्वतः नमूद करतो कीं, निसर्गाचा अभ्यास करणारे लोक अशा संकटांचीं कारणें देवाच्या इच्छेंत न शोधतां नैसर्गिक घडामोडींत शोधीत. ॲरिस्टॉटल त्या वर्षीं अकरा वर्षांच्या सुमाराचा होता. पुढें आपल्या हवामानविषयक ग्रंथांत त्यानें अकायाचा भूकंप, त्याबरोबर आलेली समुद्राची लाट आणि त्याच सुमारास आकाशांत दिसलेला मोठा धूमकेतु यांचा उल्लेख केला आहे. पृथ्वीच्या पोटांत कोंडलेला वारा भूकंप घडवितो, अशी त्याची उपपत्ति होती. ती आज टिकत नाहीं. परंतु हेलिकीकरांनीं कोणतें पाप केलें हा प्रश्न बाजूस सारून भूमि कशानें हालली हा प्रश्न त्यानें विचारला, हें त्याचें श्रेय त्याच्या उत्तराच्या चुकीमुळें कमी होत नाहीं.

नगर गेलें, पण त्याची जागा कांहीं काळ लोकांना ठाऊक होती. अनर्थानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं पृथ्वीचा परीघ मोजणारा प्रसिद्ध विद्वान् एरॅटोस्थेनीस तेथें गेला. तेथील नावाड्यांनीं त्याला सांगितलें कीं, पाण्याखालीं पोसायडनची ब्राँझची मूर्ति अजून उभी आहे. तिच्या हातांत समुद्रघोडा आहे आणि जाळें टाकणाऱ्या कोळ्यांना ती धोक्याची ठरते. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत पॉसेनियस त्या वाटेनें गेला. एगिऑन नगरापासून चाळीस स्टेडिया अंतरावर हेलिकीची जागा आहे, असें त्यानें लिहून ठेवलें. चाळीस स्टेडिया म्हणजे सुमारें सात किलोमीटर. पाण्याखालीं भग्नावशेष दिसतात, मात्र खाऱ्या पाण्यानें ते झिजले आहेत, असेंही तो सांगतो. त्यानंतर हळूहळू अवशेष दिसेनासे झाले, वाट पुसट झाली, आणि हेलिकी हें केवळ पुस्तकांत उरलेलें नांव झालें.

विद्वानांना तें नांव स्वस्थ बसूं देईना, याला कारण होतें. इटलींतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, म्हणून रोमन लोकांची राहणी आज डोळ्यांनीं पाहतां येते. हेलिकी बुडालें तें प्लेटोच्या हयातींत. ग्रीक संस्कृतीच्या ऐन भरांतलें एक नगर एका रात्रींत जसेंच्या तसें पाण्याखालीं गेलें असेल, तर केवढा ठेवा तेथें असेल ! विसाव्या शतकांत स्पिरिडॉन मारिनाटोस या ग्रीक पुरातत्त्ववेत्त्यानें हा ध्यास घेतला. १९६० सालीं त्यानें या बुडालेल्या नगरावर लेख प्रसिद्ध केला. पुढें १९६७ पासून थेरा बेटावर ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलेलें अक्रोतिरी त्यानेंच उकरलें. पण हेलिकी त्याच्या हातीं आलें नाहीं. अमेरिकेंतील हॅरल्ड एजर्टन यानें ध्वनिलहरी पाण्यांत सोडून आखाताचा तळ धुंडाळला. तेथेंही नगर नव्हतें.

१९८८ सालीं डोरा कात्सोनोपुलू ही ग्रीक पुरातत्त्वज्ञ आणि स्टीव्हन सोटर हे अमेरिकन शास्त्रज्ञ यांनीं हें काम नव्यानें हातीं घेतलें. आरंभीं त्यांनींही एगिऑनच्या आग्नेयेस समुद्रतळाचीच पाहणी केली आणि तेही रिकाम्या हातीं परतले. तेव्हां त्यांनीं समुद्राकडे पाठ फिरविली आणि जुन्या ग्रंथांतील शब्द पुन्हां वाचण्यास आरंभ केला. एरॅटोस्थेनीसला भेटलेल्या नावाड्यांनीं मूर्ति 'पोरॉस' मध्यें उभी असल्याचें सांगितलें होतें. या शब्दाचा अर्थ पार होण्याची वाट, तरीची जागा. आजवर सर्वांनीं तो कोरिंथच्या आखातास लावला होता. परंतु नाव घालून पार व्हावें असें पाणी किनाऱ्याच्या आंतही असूं शकतें. भूकंपांत जमीन खचली, समुद्राचें पाणी आंत शिरलें आणि तेथेंच तुंबून एक खाजण तयार झालें, असें मानलें तर ? नावाडी त्या खाजणांतून उतारू नेत असतील. कोळी तेथेंच जाळीं टाकीत असतील. आणि पुढें सेलिनूस व केरिनाइटीस या नद्यांनीं डोंगरांतून आणलेल्या गाळानें तें खाजण भरून जाऊन त्यावर शेतें उभीं राहिलीं असतील. तसें असेल तर हेलिकी समुद्रांत शोधणें व्यर्थ होतें. तें जमिनीखालीं होतें.

१९९१ पासून त्या सपाटीवर ठिकठिकाणीं भोंकें पाडून खालच्या मातीचे नमुने काढण्यांत आले. हें काम दिसावयास अगदीं रुक्ष. लांब नळी जमिनींत उतरवावयाची, वर आलेल्या मातीच्या दांड्याचा प्रत्येक थर पाहावयाचा, कोठें खापराचा तुकडा आहे, कोठें गोड्या पाण्यांतील, कोठें खाऱ्या पाण्यांतील सूक्ष्म जीवांचीं कवचें आहेत, याची नोंद ठेवावयाची. पण या रुक्ष कामानेंच वाट दाखविली. १९९४ मध्यें चुंबकीय मोजणीनें एका शेताखालीं इमारतीच्या भिंती असल्याचें कळलें. खोदल्यावर ती रोमन काळांतील वास्तु निघाली. रोमन काळ म्हणजे पॉसेनियसचा काळ; हेलिकी त्याहून खालीं असणार. अखेर २००१ सालीं रिझोमिलोस या गांवाजवळ सुमारें तीन मीटर खोलीवर प्राचीन ग्रीक काळांतील पडक्या भिंती, खापरें आणि नाणीं सांपडलीं. त्यांवर जो चिखल बसला होता, तो तुंबलेल्या खाजणाच्या तळाचा होता. नावाडी खोटें बोलले नव्हते. त्यांचा शब्दच दोन हजार वर्षें चुकीच्या पाण्याला लावला गेला होता.

हें ऐकून ज्यांनीं दुसऱ्या पाँपेईची आशा केली असेल, त्यांची थोडी निराशा होईल. भूकंपानें पाडलेलें, लाटेनें झोडपलेलें आणि गाळानें दाबलेलें नगर राखेखालच्या नगरासारखें सुरक्षित राहत नाहीं. संगमरवरी देवालयें उभीं सांपडलीं नाहींत. सांपडला तो नगराच्या शेवटाचा पुरावा. आणि त्याबरोबर अनपेक्षितपणें दुसरें एक नगर सांपडलें. त्याच सपाटींत आणखी खोल, इ. स. पू. २६०० ते २३०० या काळांतील एक वस्ती उजेडांत आली. तिच्या रस्त्यांच्या कडेला घरांच्या भिंती होत्या, घरांत धान्याचे रांजण आणि भांडीं होतीं, कांहीं सोन्यारुप्याचे अलंकारही होते. तिच्यावरही पाण्याखालीं बसणारा गाळ साचलेला होता. हेलिकीकरांच्या पायाखालीं, त्यांच्या पूर्वीं दोन हजार वर्षें, तशीच एक वस्ती गाडलेली होती आणि त्यांना तिची वार्ताही नव्हती.

ही जागा अशी कां वागते, याचें उत्तर आज देतां येतें. कोरिंथच्या आखाताचे दोन किनारे एकमेकांपासून दूर सरकत आहेत. पश्चिम भागांत ही गति दर वर्षीं सुमारें दीड सेंटिमीटर आहे. या ताणामुळें दक्षिण किनाऱ्यावर, डोंगर आणि सपाटी यांच्या सांध्यांत, जमिनीला मोठा भंग पडलेला आहे. त्या भंगावर भूमि अकस्मात् सरकली कीं, डोंगर उचलला जातो आणि सपाटी खालीं बसते. त्यांतून ती सपाटी म्हणजे नदीनें आणून टाकलेली वाळू, गोटे आणि चिखल. पाण्यानें भिजलेली अशी वाळू हादऱ्यासरशीं घट्टपणा सोडून पातळ पदार्थासारखी वागूं लागते आणि तिच्यावरील भार घेऊन समुद्राकडे घसरते. २६ डिसेंबर १८६१ रोजीं येथेंच मोठा भूकंप झाला, तेव्हां किनाऱ्याची सुमारें १३ किलोमीटर लांबीची पट्टी खचून तिचा कांहीं भाग पाण्याखालीं गेला. अथेन्सच्या वेधशाळेचे प्रमुख युलियस श्मिट यांनीं स्वतः पाहणी करून त्याचें वर्णन केलें आहे. १५ जून १९९५ रोजीं पहांटेपूर्वीं एगिऑनला पुन्हां मोठा भूकंप झाला आणि २६ माणसें मृत्युमुखीं पडलीं. यांपैकीं एकाही वेळीं कोणी देवाचे दूत परत पाठविले नव्हते.

तरीही ती पट्टी कधीं फार काळ ओस राहिली नाहीं. हेलिकी बुडाल्यानंतर शंभर-दीडशें वर्षांच्या आंतच जवळपास माणसें पुन्हां राहूं लागलीं होतीं. त्यांचा कापड रंगविण्याचा एक कारखाना उत्खननांत मिळाला आहे. मग रोमन आले, त्यांनीं सपाटीवरून राजरस्ता बांधला. आज तेथें लिंबू-संत्र्यांचे आणि ऑलिव्हचे मळे आहेत, गांवें आहेत, किनाऱ्यावर सुटीचे दिवस घालविणाऱ्यांचीं निवासस्थानें आहेत. नदीचा गाळ सुपीक असतो, सपाटीवर पाणी जवळ असतें, समुद्र मासळी देतो आणि वाटाही देतो. ज्या कारणांनीं ती भूमि धोक्याची, त्याच कारणांनीं ती राहण्यास सोयीची. म्हणूनच उकरलेले अवशेष आणि वाढती वस्ती यांच्यांत जागेसाठीं ओढाताण सुरू झाली, आणि २००४ सालीं जागतिक स्मारक निधीनें धोक्यांत असलेल्या १०० स्थळांच्या यादींत हेलिकीचा समावेश केला. जें एकदां समुद्रानें झांकलें, तें पुन्हां इमारतींखालीं झांकलें जाऊं नये, एवढीच त्यामागील इच्छा.

हेलिकीच्या रहिवाशांपैकीं एकाचेंही नांव त्या रात्रीच्या कथेंत आलेलें नाहीं. त्यांचा देव, त्यांचा हट्ट, त्यांचें कल्पित पाप, त्यांच्या घरांतले उंदीर देखील ग्रंथांत आले; पण माणसें आलीं नाहींत. तीन मीटर मातीखालून निघालेल्या खापरांनीं आणि भिंतींनीं ही उणीव थोडी भरून काढली आहे. तीं सांगतात कीं, येथें कोपलेल्या देवाचे अपराधी राहत नव्हते. पाणी भरणारे, स्वयंपाक करणारे, बाजारांत नाणीं मोजणारे लोक राहत होते. नद्यांनीं दिलेल्या जमिनीवर त्यांनीं विश्वासानें घरें बांधलीं. त्या जमिनीच्या खालीं काय चाललें आहे हें जाणण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. आज त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांपाशीं तें आहे.